उष्ण प्रदेशाचे आकाश आणि शीत कॅमेरा : प्रस्तावना

दूरच्या तेजोमेघाकडून किंवा दीर्घिकेकडून पृथ्वीपर्यंत पोहोचणारा प्रकाश इतका विरळ असतो, की त्याचे छायाचित्र घेणे ही प्रत्यक्षात प्रकाशकणांची मोजणीच ठरते. ताऱ्यांच्या तेजस्वितेची श्रेणी ‘प्रत’ या मापाने सांगितली जाते, आणि प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद असतो. निरभ्र, काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. २० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीवर विसाव्या प्रतीच्या ताऱ्याकडून दृश्य प्रकाशाच्या एका पट्ट्यात सेकंदाला जेमतेम दोन-तीन प्रकाशकण येतात, आणि तेही संवेदकाच्या अनेक चित्रघटकांवर, म्हणजे पिक्सेलांवर, विखुरले जातात. हे कण टिपणारा सिलिकॉनचा संवेदक प्रकाशाला प्रतिसाद देतो तसा स्वतःच्या उष्णतेलाही देतो, त्यामुळे दुर्बिणीवर झाकण असतानाही त्याच्या पिक्सेलांत इलेक्ट्रॉन साठत राहतात. ताऱ्याने पाठवलेला इलेक्ट्रॉन आणि उष्णतेने सुटलेला इलेक्ट्रॉन यांत संवेदकाला फरक करता येत नाही. उष्णतेचा हा वाटा कमी करण्यासाठी संवेदकालाच भोवतालच्या हवेपेक्षा तीस-पस्तीस अंशांनी थंड ठेवणारा जो कॅमेरा हौशी आकाशछायाचित्रकार वापरतात, तो ‘कूल्ड कॅमेरा’ किंवा शीत कॅमेरा हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

या विषयावरील बहुतेक लेखन युरोप, अमेरिका आणि जपान येथील हवामान गृहीत धरून झालेले आहे. तेथे हिवाळी रात्री पारा शून्याच्या आसपास असतो, अनेक ठिकाणी त्याच्याही खाली जातो, आणि म्हणून कॅमेऱ्याची शीतयंत्रणा ही तेथे पुष्कळदा सोयीची बाब असते. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले औंध आणि त्याच्या पूर्वेस माण व आटपाडीपर्यंत पसरलेला पर्जन्यछायेचा टापू येथे परिस्थिती निराळी आहे. येथील आकाश काळे व बराच काळ निरभ्र असते, पण रात्री उष्ण असतात. आणि पुढे दाखविल्याप्रमाणे, या अक्षांशावरून दिसणारी सर्वांत मोलाची दक्षिणेकडील लक्ष्ये नेमकी सर्वांत उष्ण महिन्यांत आपल्या सर्वाधिक उंचीवर येतात. आकाश जितके काळे आणि हवा जितकी उष्ण, तितकी शीत कॅमेऱ्याची गरज अधिक, हे या पुस्तकाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे, आणि ते तपासून पाहण्यासाठी औंधसारखे दुसरे योग्य ठिकाण शोधूनही सापडणे कठीण आहे.

प्रथम या उष्ण इलेक्ट्रॉनांचा उगम पाहणे आवश्यक आहे. सिलिकॉनच्या स्फटिकात जखडलेला इलेक्ट्रॉन मोकळा करण्यासाठी सुमारे १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी ऊर्जा लागते. हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशाच्या, म्हणजे ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, एका कणात जवळजवळ १.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असल्यामुळे तो हे काम सहज करतो, आणि याच गुणावर सर्व डिजिटल छायाचित्रण उभे आहे. परंतु स्फटिकातील अणू त्यांच्या तापमानानुसार सतत कंप पावत असतात, आणि त्या कंपनांतून, विशेषतः स्फटिकरचनेत जेथे दोष असतील तेथे, अधूनमधून एखाद्या इलेक्ट्रॉनला तितकीच ऊर्जा मिळून जाते. अशा रीतीने प्रकाशाविना वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ओघाला ‘डार्क करंट’ किंवा अंधारप्रवाह म्हणतात. तापमान सुमारे सहा अंश सेल्सियसने वाढले की हा प्रवाह दुप्पट होतो आणि तितकेच उतरले की निम्मा होतो. संवेदकाच्या जातीनुसार हा आकडा पाच ते सात अंशांच्या दरम्यान बदलतो, पण दुपटीचा नियम कायम राहतो.

या नियमाचा परिणाम एका हिशेबाने स्पष्ट होईल. एखाद्या जुन्या पद्धतीच्या संवेदकात २५ अंश तापमानाला प्रत्येक पिक्सेलमध्ये सेकंदाला एक उष्ण इलेक्ट्रॉन निर्माण होतो असे समजल्यास, पाच मिनिटांच्या एका एक्स्पोजरमध्ये, म्हणजे प्रकाश साठवण्याच्या एका सलग अवधीत, असे ३०० इलेक्ट्रॉन जमतील. आता हाच संवेदक उणे ११ अंशांवर नेला, तर ३६ अंशांच्या उतारात सहा वेळा निमपट होऊन प्रवाह चौसष्टावा हिस्सा होईल आणि त्याच पाच मिनिटांत पाचांहूनही कमी इलेक्ट्रॉन जमतील. मंद तेजोमेघाकडून एका पिक्सेलला तेवढ्याच वेळात वीस-पंचवीस इलेक्ट्रॉन मिळणार असतील, तर पहिल्या स्थितीत ते बुडून जातात आणि दुसऱ्या स्थितीत स्पष्टपणे वर राहतात.

येथे एक आक्षेप साहजिकच पुढे येतो, की उष्णतेचे इलेक्ट्रॉन किती जमतात हे मोजून ते वजा केले म्हणजे झाले. वजाबाकीची ही पद्धत अस्तित्वात आहेच. दुर्बीण झाकून, तितक्याच अवधीची आणि तितक्याच तापमानाची जी चित्रे घेतली जातात त्यांना ‘डार्क फ्रेम’ म्हणतात, आणि तेल मोजून देण्यापूर्वी दुकानदार जसा रिकाम्या भांड्याचा धडा करून घेतो, तसा त्यांचा उपयोग होतो. मात्र भांड्याचे वजन स्थिर असते आणि अंधारप्रवाह तसा नसतो. इलेक्ट्रॉन यदृच्छेने सुटत असल्यामुळे सरासरी ३०० असली तरी प्रत्येक वेळी नेमके ३०० जमत नाहीत. संख्याशास्त्रानुसार त्यांत सरासरीच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १७ इलेक्ट्रॉनांचा, चढउतार होत राहतो. या चढउताराला ‘नॉइज’ म्हणतात, आणि वजाबाकीने सरासरी निघून गेली तरी हा नॉइज मागे उरतो. सरासरीच पाचांपर्यंत खाली आणल्यावर मात्र तो दोन इलेक्ट्रॉनांच्या आसपास येतो. म्हणून डार्क फ्रेम ही थंडाव्याला पर्याय ठरू शकत नाही. तिला थंडाव्याची पुरवणी मानणे अधिक योग्य.

तापमान कमी असण्याइतकेच ते स्थिर असणेही महत्त्वाचे आहे. सामान्य डीएसएलआर कॅमेरा सलग तास-दोन तास चालवला की आतील विद्युतमंडलामुळे त्याचा संवेदक हळूहळू तापत जातो, मध्यरात्रीनंतर हवा गार झाली की पुन्हा उतरतो, आणि त्यामुळे रात्री अकराला घेतलेल्या चित्राला पहाटे तीनला घेतलेली डार्क फ्रेम जुळत नाही. नियंत्रित शीत कॅमेऱ्यात संवेदकाशेजारी तापमापक बसवलेला असतो आणि ठरवून दिलेले तापमान, ज्याला ‘सेट पॉइंट’ म्हणतात, ते अंशाच्या लहानशा भागाइतकेच हलू दिले जाते. यामुळे जानेवारीतील ढगाळ रात्री घरात बसून तयार केलेला डार्क फ्रेमांचा संग्रह मार्चमधील चित्रांनाही चालतो, आणि निरभ्र रात्रीचा मोलाचा वेळ झाकण लावून घालवावा लागत नाही.

महाराष्ट्रात खगोलीय छायाचित्रणाची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली, तीत ग्रब यांच्या कारखान्यातील २० इंची परावर्तक दुर्बीण होती आणि कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे संचालक होते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ देऊन प्रभामंडलाची आणि वर्णपटांची छायाचित्रे घेतली. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हेही त्याच गावी आले होते. पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावरील कोरडी हवा खगोलीय छायाचित्रणाला अनुकूल आहे हे जाणकारांना त्या काळीही मान्य होते असे यावरून दिसते. १९१२ साली पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली.

काचेच्या प्लेटा आणि फिल्म यांच्या काळातही थंडावा वापरला जात होता, पण त्याचे कारण वेगळे होते. छायाचित्रणाच्या रसायनातील चांदीच्या संयुगाच्या कणाला परिणाम टिकण्यासाठी थोड्या अवधीत एकाहून अधिक प्रकाशकण मिळावे लागतात. प्रकाश फार मंद असेल तर दुसरा कण येण्यापूर्वीच पहिल्याचा परिणाम उष्णतेमुळे पुसला जातो, आणि त्यामुळे एक्स्पोजर दुप्पट केले तरी चित्रातील उजेड दुप्पट होत नाही. हा ऱ्हास रोखण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यावसायिक व हौशी छायाचित्रकारांनी उणे ७८ अंशांच्या कोरड्या बर्फाने, म्हणजे घनरूप कार्बन डाय-ऑक्साइडने, फिल्म गार करण्याची तंत्रे बसवली. फिल्मवर हिम साचू नये म्हणून तिच्यासमोर निर्वात पोकळी किंवा काचेचा जाड ठोकळा ठेवावा लागे. थंडाव्याबरोबर दवाचा प्रश्न येतोच, हा धडा त्या काळातच मिळाला होता.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी, म्हणजे साठलेला विद्युतभार एका पिक्सेलमधून शेजारच्या पिक्सेलमध्ये ढकलत बाहेर आणून मोजणारा संवेदक, शोधून काढला, आणि या शोधासाठी त्यांना २००९ सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून खगोलशास्त्रज्ञांनी तो दुर्बिणीवर बसवला. व्यावसायिक वेधशाळांत असे संवेदक उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने उणे शंभर अंशांच्याही खाली नेले जात, कारण तेथे एकेक एक्स्पोजर अर्ध्या-एक तासाचे असू शकते. आंतरविद्यापीठ केंद्र आयुकाची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे कार्यान्वित झाली, तेव्हा महाराष्ट्रालाही या प्रतीचे व्यावसायिक साधन मिळाले. परंतु द्रवरूप नायट्रोजनची टाकी शेताच्या बांधावर नेणे हौशी निरीक्षकाला शक्य नव्हते, आणि त्याच्यासाठी मार्ग निघाला तो एकोणिसाव्या शतकातील एका शोधातून.

१८३४ साली झाँ पेल्टिअर या फ्रेंच संशोधकाला असे आढळले होते, की दोन भिन्न धातूंच्या सांध्यांतून वीज खेळवली की एक सांधा गार होतो आणि दुसरा तापतो. आज या कामासाठी बिस्मथ व टेल्युरिअम यांच्या संयुगापासून केलेल्या अर्धवाहकांचे लहान ठोकळे दोन चिनीमातीच्या पातळ फरश्यांमध्ये बसवलेले असतात. या चपट्या तुकड्यालाच बाजारात ‘पेल्टिअर’ म्हणतात. त्यात हलणारा भाग नाही, वायू नाही, द्रव नाही, आणि वीज कमी-जास्त करून थंडावा नेमका राखता येतो. त्याची मर्यादा अशी, की संवेदकातून खेचलेली उष्णता आणि स्वतः वापरलेली वीज या दोहोंची बेरीज त्याला तापलेल्या बाजूने बाहेर टाकावी लागते, आणि ती बाजू तापून राहिली तर थंड बाजूही वर येऊ लागते. म्हणून पेल्टिअरमागे धातूच्या पात्यांचा उष्णताविसर्जक आणि पंखा लागतो, आणि कॅमेऱ्याचे तापमान ‘उणे अमुक’ असे न सांगता ‘भोवतालच्या हवेपेक्षा इतके अंश खाली’ असे सांगितले जाते. १९९४ साली रिचर्ड बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशींना सीसीडी कॅमेरा घरी बांधता यावा म्हणून जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात पेल्टिअरची तापलेली बाजू पाणी फिरवून गार करण्याची योजना होती. त्याच सुमारास सांता बार्बरा इन्स्ट्रुमेंट ग्रुपसारख्या कंपन्यांचे तयार कॅमेरेही हौशी लोकांच्या हाती येऊ लागले होते.

गेल्या दशकात चित्र पुन्हा बदलले. सोनीने २०१५ साली सीसीडीचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि हौशी कॅमेरे सीमॉस संवेदकांकडे वळले, ज्यांत विद्युतभाराचे मोजमाप प्रत्येक पिक्सेलपाशीच सुरू होते. पूर्वीच्या सीसीडीत एक चित्र वाचून घेतानाच आठ-दहा इलेक्ट्रॉनांची चूक संभवत असे. नव्या सीमॉसमध्ये ती एक ते तीन इलेक्ट्रॉनांवर आली आहे. वाचनाची ही चूक, म्हणजे ‘रीड नॉइज’, इतकी कमी झाल्यावर अर्ध्या तासाचे एक चित्र घेण्याऐवजी दोन-तीन मिनिटांची अनेक चित्रे घेऊन त्यांची बेरीज करणे परवडू लागले. सोनीच्या आयएमएक्स ५७१ या ३.७६ मायक्रॉन पिक्सेलांच्या संवेदकाने, जो झेडडब्ल्यूओ आणि क्यूएचवाय या दोन्ही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत आहे, अंधारप्रवाहही पूर्वीच्या मानाने पुष्कळ खाली आणला, आणि संवेदकाच्या कोपऱ्यात विद्युतमंडलाच्या उष्णतेमुळे दिसणारी ‘अँप ग्लो’ नावाची झळाळी जवळजवळ नाहीशी केली. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात, की आता शीतयंत्रणेची गरज उरलेली नाही. हा निष्कर्ष कोठे बरोबर आणि कोठे चूक, हे आकाशावर अवलंबून आहे, आणि येथूनच औंधचा विचार अपरिहार्य ठरतो.

शहरातील आकाश रस्त्यांवरील दिव्यांनी उजळलेले असते आणि त्या उजेडाचे इलेक्ट्रॉन प्रत्येक पिक्सेलमध्ये इतके साठतात, की त्यांच्या चढउतारापुढे अंधारप्रवाहाचा नॉइज नगण्य ठरतो. पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून गाळणीविना रंगीत चित्र घेणाऱ्याला नव्या संवेदकाचे तापमान उणे दहा आहे की अधिक दहा, याचा फरक क्वचितच जाणवेल. काळ्या आकाशाखाली मात्र आकाशाचा वाटा घटतो आणि चित्राची मर्यादा कॅमेराच ठरवू लागतो. त्यातही अरुंद पट्ट्याची गाळणी, म्हणजे हायड्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधक यांच्या विशिष्ट तरंगलांबीभोवतीचा तीन ते सात नॅनोमीटर इतकाच प्रकाश आत सोडणारी काच, वापरली की आकाशाचा उजेड आणखी कित्येक पटींनी कमी होतो, आणि अशा वेळी तापलेल्या संवेदकाचा अंधारप्रवाह हाच चित्रातील सर्वांत मोठा दोष ठरू शकतो. काळोख शोधण्यासाठी शहरापासून शे-दीडशे किलोमीटर दूर गेलेल्या निरीक्षकाने न थंडावलेला कॅमेरा सोबत नेला, तर प्रवासाने मिळवलेला लाभ तो संवेदकाच्या उष्णतेत गमावून बसतो.

औंधचे आकाश काळे असण्याची कारणे भौगोलिक आहेत. त्याच जिल्ह्यातील महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या आड आलेल्या माण-खटावात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. पाणी कमी म्हणून वस्ती विरळ, आणि वस्ती विरळ म्हणून दिवे कमी. पश्चिमेला सातारा, नैर्ऋत्येला कराड आणि आग्नेयेला विटा यांच्या उजेडाच्या कमानी क्षितिजावर असल्या, तरी माथ्याचे आकाश त्यांच्यापासून बऱ्याच अंशी मुक्त राहते, आणि पूर्वेला आटपाडीकडे सरकावे तसा काळोख दाट होत जातो. सांगली जिल्ह्यात आज मोडणारी आटपाडी हाही पूर्वी औंध संस्थानाचाच भाग होता, त्यामुळे या पुस्तकात ‘औंधचा मुलूख’ असे म्हटले आहे तेथे हा सगळा कोरडा पट्टा अभिप्रेत आहे.

औंधचा अक्षांश उत्तर १७.५ अंशांच्या जवळ आहे, आणि या एका आकड्यातून येथील निरीक्षकाचे भाग्य व अडचण ही दोन्ही निष्पन्न होतात. लंडनहून कधीच क्षितिजावर न येणारा ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ येथे दक्षिणेस सुमारे २५ अंश उंचीवर येतो. सेंटॉरस ए ही रेडिओलहरींनी प्रखर असलेली दीर्घिका जवळजवळ ३० अंशांवर. त्रिशंकू, म्हणजे दक्षिण क्रॉस, आणि इटा कॅरिनेचा तेजोमेघ बारा-तेरा अंशांवर. आणि आकाशगंगेचे केंद्र, जे लंडनला साडेनऊ अंशांवरच रेंगाळते, ते येथे ४३ अंशांपर्यंत चढते. परंतु कॅरिना मार्चच्या आरंभी आणि ओमेगा सेंटॉरी व सेंटॉरस ए एप्रिलच्या मध्याला मध्यरात्री दक्षिणोत्तर वृत्तावर, म्हणजे आपल्या सर्वाधिक उंचीवर, असतात, आणि आकाशगंगेचे केंद्र तेथे मध्यरात्री पोहोचते ते जूनच्या मध्याला, जेव्हा मोसमी ढगांनी आकाश व्यापलेले असते. म्हणून ते टिपायचे तर मार्च ते मे या महिन्यांतील उत्तररात्रीच हाताशी राहतात. युरोपीय निरीक्षकाचा उत्तम काळ आणि थंडी एकत्र येतात. औंधच्या निरीक्षकाचे दुर्मीळ दक्षिण आकाश मात्र उन्हाळ्याबरोबर येते.

याचा व्यावहारिक अर्थ सेट पॉइंट निवडताना कळतो. जानेवारीत औंधला रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा हवेपेक्षा ३५ अंश खाली जाऊ शकणाऱ्या कॅमेऱ्याला उणे दहा अंश राखणे अगदी सोपे असते आणि पेल्टिअर निम्म्या-अधिक शक्तीवर निवांत चालतो. एप्रिलमध्ये रात्री दहाला हवा २७ अंशांवर असेल, तर त्याच कॅमेऱ्याची तात्त्विक मर्यादा उणे आठ येते, आणि पेल्टिअर सतत पूर्ण ताकदीवर चालत राहिल्यास तापमान स्थिर ठेवण्यास हातात काही शिल्लक राहत नाही. म्हणून हिवाळ्यासाठी उणे दहा आणि उन्हाळ्यासाठी शून्य असे दोन सेट पॉइंट ठरवून त्या दोहोंचे डार्क फ्रेमांचे स्वतंत्र संग्रह करून ठेवावेत, अशी शिफारस या पुस्तकात केली आहे. दहा अंशांच्या या फरकाने अंधारप्रवाह सुमारे तिपटीने वाढतो हे खरे. पण स्थिर शून्य हे डळमळणाऱ्या उणे आठापेक्षा केव्हाही चांगले, कारण पहिल्याची वजाबाकी अचूक होते आणि दुसऱ्याची होत नाही.

थंडाव्याचा दुसरा शत्रू बाष्प आहे. हवेतील बाष्पाचे ज्या तापमानाला पाणी होऊ लागते त्याला दवबिंदू म्हणतात. हवा २५ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल, म्हणजे माणदेशी उन्हाळ्यातली बऱ्यापैकी कोरडी रात्र असेल, तरी दवबिंदू दहा अंशांच्या आसपास असतो. शून्य अंशांवरचा संवेदक त्याच्या कितीतरी खाली असल्यामुळे, ज्या बंद कुपीत तो बसवलेला असतो तीत बाष्प शिरले तर चित्राच्या मध्यभागी हिमाचे चांदणे उमटते. यासाठी कुपीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या गोळ्या ठेवलेल्या असतात, त्या काही महिन्यांनी काढून भट्टीत सुकवाव्या लागतात, आणि कुपीच्या पुढील काचेला बाहेरून दव धरू नये म्हणून बारीक तापपट्टी दिलेली असते. पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा पडून राहतो तेव्हा या गोळ्या ओल्या होतात, म्हणून दसऱ्याच्या सुमारास पहिली निरभ्र रात्र येण्यापूर्वीच त्या बदलून घेणे शहाणपणाचे ठरते. येथील धुळीचा प्रश्नही पंख्यामुळे वाढतो, आणि पात्यांत धूळ बसली की उष्णताविसर्जन मंदावून थंडावा दोन-चार अंशांनी घटतो.

विजेचा हिशेबही आधी मांडावा लागतो. शीत कॅमेरे १२ व्होल्टवर चालतात आणि थंडाव्यासाठी दोन ते तीन अँपिअर घेतात. दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवणारा आधार आणि छोटा संगणक यांची भर घातली, तर सहा तासांच्या रात्रीला तीस अँपिअर-तासांच्या आसपास वीज लागते. शेतावरील वीजपुरवठा रात्रपाळीच्या वेळापत्रकाने येतो-जातो, म्हणून स्वतंत्र बॅटरी हाच भरवशाचा उपाय. संवेदक एकदम गार करू नये किंवा काम संपल्यावर एकदम बंद करू नये, मिनिटाला काही अंश अशा बेताने उतरवावा आणि चढवावा, हेही बॅटरी अर्ध्या रात्री संपली की पाळता येत नाही.

शीत कॅमेरा सर्वांना हवाच असे या पुस्तकाचे म्हणणे नाही. गुरू, शनी, चंद्र यांची चित्रे सेकंदाच्या शतांशाइतक्या एक्स्पोजरने घेतली जातात, आणि तेवढ्या वेळात उष्ण इलेक्ट्रॉन जमतच नाहीत. त्या कामाला शीतयंत्रणेचे वजन आणि किंमत दोन्ही व्यर्थ आहेत. नवशिक्याने डीएसएलआरवर थंडीच्या महिन्यांत मृग नक्षत्रातील तेजोमेघ, देवयानी दीर्घिका, कृत्तिका यांवर हात बसवावा, दोन चित्रांमध्ये दुर्बीण किंचित सरकवून ठरावीक जागी दिसणारे तापलेले पिक्सेल विखरून टाकण्याची ‘डिदरिंग’ नावाची युक्ती शिकावी, आणि नंतरच लाखाच्या घरातील खर्चाचा विचार करावा, हा क्रम अधिक योग्य आहे.

तथापि शीत कॅमेऱ्याचे खरे मूल्य सुंदर चित्रांच्या पलीकडे आहे. तापमान स्थिर आणि वजाबाकी अचूक असल्यामुळे एकाच ताऱ्याचा उजेड महिनोन्महिने तुलना करण्याजोग्या रीतीने मोजता येतो. रूपविकारी ताऱ्यांची, म्हणजे उजेड बदलणाऱ्या ताऱ्यांची, हौशी निरीक्षणे जमा करणारी अमेरिकेतील संघटना १९११ पासून कार्यरत आहे आणि तिच्याकडे येणाऱ्या नोंदींचा संशोधक वापर करतात. एचडी १८९७३३ या ताऱ्यापुढून त्याचा ग्रह जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड अडीच टक्क्यांच्या आसपास घटतो, आणि ही घट २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर बसवलेल्या शीत कॅमेऱ्याने टिपता येते. महाराष्ट्रात या कामासाठी मनुष्यबळाची वाण नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून हौशी निरीक्षक घडवीत आले आहेत. उणीव आहे ती शिस्तबद्ध मोजणीसाठी कायमस्वरूपी काळोख्या ठिकाणांची.

औंधच्या इतिहासात या उणिवेशी जुळणारा एक धागा आहे. संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी वेरूळ आणि अजिंठा यांवर सचित्र पुस्तके प्रसिद्ध केली आणि १९३८ साली श्री भवानी संग्रहालय उभारले. जे पाहिले ते विश्वासाने नोंदवून ठेवावे, ही वृत्ती त्या कामात आहे. त्याहूनही प्रस्तुत बाब अशी, की १९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने संस्थानाने स्वराज्याची राज्यघटना स्वीकारली आणि गावाच्या कारभाराचे अधिकार ग्रामपंचायतींकडे दिले. आज रस्त्यावरचा दिवा कोणता असावा, त्याचा प्रकाश जमिनीकडे वळवलेला असावा की आकाशात सांडू द्यावा, हे मोठ्या प्रमाणात गावच्या पंचायतीच्याच हाती आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, तेव्हा तेथील गावांतील दिवे खाली प्रकाश टाकणाऱ्या दिव्यांनी बदलण्यात आले होते. माण-खटाव-आटपाडीत असे काही घडले, तर त्याचा लाभ कॅमेऱ्याच्या कोणत्याही नव्या मॉडेलपेक्षा मोठा असेल, कारण शीतयंत्रणा संवेदकातील अंधार राखू शकते, आकाशातील नव्हे.

पुस्तकाची मांडणी या विचाराला धरून केलेली आहे. पहिल्या भागात संवेदक, अंधारप्रवाह आणि नॉइज यांचे गणित शालेय बीजगणिताच्या आवाक्यात ठेवून दिले आहे. दुसऱ्या भागात पेल्टिअर, दव, धूळ आणि वीज यांचा व्यवहार येतो. तिसऱ्या भागात महिन्यांनुसार औंधच्या अक्षांशावरून घ्यावयाची लक्ष्ये, त्यांची उंची आणि त्या काळच्या तापमानाला साजेसे सेट पॉइंट यांची कोष्टके आहेत. आणि शेवटच्या भागात उजेडमापनाची कार्यपद्धती आहे. ज्या वाचकाकडे अद्याप शीत कॅमेरा नाही त्याने तिसऱ्या भागापासून आरंभ करावा आणि आपल्याला नेमके काय टिपायचे आहे ते आधी निश्चित करावे. लक्ष्य, ऋतू आणि ठिकाण ठरले की कॅमेरा किती थंड हवा, किंवा हवा की नको, याचे उत्तर त्याला पहिल्या भागातील गणिताने स्वतःच काढता येईल.